स्मृतीची टंचाई आणि मराठी अक्षरांचा प्रवास

‘तेलगाव’ हा शब्द संगणकाच्या स्मृतीत किती जागा घेतो? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु त्याचे उत्तर तीन काळांत तीन प्रकारचे आहे, आणि मराठीच्या गेल्या चाळीस वर्षांचा एक दुर्लक्षित इतिहास या तीन उत्तरांत दडलेला आहे. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली प्रमाणित केलेल्या ‘इस्की’ या संकेतानुसार त, मात्रा, ल, ग, काना आणि व ही सहा चिन्हे सहा बाइटांत मावतात. आज आंतरजालावर सर्वत्र रूढ असलेल्या युनिकोडच्या ‘यूटीएफ-८’ या पद्धतीत तेच नाव अठरा बाइट व्यापते. या दोहोंच्या मधल्या काळात, म्हणजे साधारणतः १९९२ ते २००५ या वर्षांत, ते किती जागा घेई हे कोणत्या कंपनीचा फॉन्ट वापरला आहे यावर अवलंबून असे. आणि तो फॉन्ट हाताशी नसेल तर ते ‘तेलगाव’ उरतच नसे. रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांचा एक निरर्थक पुंजका तेवढा पडद्यावर उमटे.

बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते जेथे एकमेकांना छेदतात तेथे वसलेले हे गाव. साखर कारखान्यामुळे त्याचे नाव पंचक्रोशीबाहेर गेले. संगणकाच्या इतिहासात ते येण्याचे काही कारण नाही. तो इतिहास कॅलिफोर्नियापासून सांगितला जातो, फार तर पुण्यापर्यंत आणून सोडला जातो. परंतु कंपन्यांच्या स्पर्धेचे परिणाम अशा गावांतील डीटीपीच्या दुकानांनी, महाविद्यालयांच्या वार्षिकांकांनी आणि टंकलिखित प्रबंधांनी सोसले. म्हणून तो इतिहास एकदा या टोकाकडून पाहिला पाहिजे.

१

यंत्राच्या टंचाईपुढे देवनागरीने मान तुकवण्याचा प्रसंग संगणकाने प्रथम आणला असे नव्हे. शिशाच्या खिळ्यांचा काळ आठवून पाहावा. रोमन लिपीची छपाई शंभराच्या आसपास खिळ्यांवर भागते. देवनागरीला जोडाक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, उकार आणि रफार धरून कित्येक पट अधिक खिळे लागत. खणांची संख्या कमी करण्यासाठी अक्षरांचे तुकडे पाडून ते जुळवण्याची युक्ती मुंबईच्या मुद्रकांनी काढली. पुढे टंकलेखन यंत्र आले तेव्हा कळा त्याहूनही कमी होत्या. सावरकरांनी लिपिशुद्धीच्या चळवळीत अि, अी, अु अशी अ-ची बाराखडी सुचवली, तिच्यामागेही इतर कारणांबरोबर यंत्राची सोय हे कारण होतेच. या सर्व प्रयत्नांचे सूत्र एकच होते: यंत्र बदलणार नाही, तेव्हा लिपीने आटोपशीर व्हावे.

संगणक मात्र स्वभावतःच वेगळे यंत्र आहे. त्याच्यात अक्षरांचे ठसे नसतात, अंक असतात. आणि अंकांपासून कोणतीही आकृती काढता येते. त्यामुळे लिपीला आटोपण्याची गरजच उरू नये. ती गरज तरीही उरली, याचे कारण स्मृतीची टंचाई.

आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक १२ ऑगस्ट १९८१ रोजी जाहीर केला तेव्हा त्याच्या सर्वांत स्वस्त नमुन्यात फक्त १६ केबी स्मृती होती. आजच्या साध्या मोबाइलवर काढलेले एखादे छायाचित्रसुद्धा तिच्यात मावणार नाही. यंत्राच्या आत बसवलेला इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर जास्तीत जास्त एक एमबीपर्यंतचे पत्ते ओळखू शकत असे. त्यांपैकी वरचा ३८४ केबींचा भाग पडदा आणि यंत्राच्या अंगभूत सूचना यांच्यासाठी राखून ठेवण्यात आला, आणि वापरकर्त्याच्या वाट्याला ६४० केबी आले. एवढी स्मृती कोणालाही पुरेल असे बिल गेट्स म्हणाल्याची आख्यायिका फार प्रसिद्ध आहे; आपण असे कधीच म्हटले नाही, असे त्यांनी स्वतः सांगितलेले आहे. ६४० केबींची भिंत मात्र खरी होती आणि पुढची दहा वर्षे ती कोणालाही सहजी ओलांडता आली नाही.

संगणक सुरू होताच स्मृती, पडदा, तबकडी यांचा कारभार ज्या आज्ञावलीकडे जातो, ती ऑपरेटिंग सिस्टिम. तिला येथे प्रणाली म्हणू. आयबीएमने आपल्या यंत्रासाठी एक नव्हे, तीन प्रणाली जाहीर केल्या होत्या. त्यांतली मायक्रोसॉफ्टची पीसी-डॉस ४० डॉलरला होती, तर गॅरी किल्डॉल यांच्या कंपनीची सीपीएम-८६ ही २४० डॉलरला. ग्राहकांनी कोणती घेतली हे सांगणे नलगे. प्रणालींच्या स्पर्धेचा पहिला धडा येथेच मिळतो: या बाजारात गुणवत्तेचा निवाडा पुष्कळदा खर्चाच्या दारातच होऊन जातो. पुढे मराठीच्या बाबतीतही हेच घडले.

२

डॉसच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी असत. म्हणजे एकूण दोन हजार चौकोन. प्रत्येक चौकोनासाठी दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक त्याच्या रंगाचा; सारा पडदा चार हजार बाइटांत मावे. अक्षरांचे २५६ आकार यंत्रात कायमचे कोरलेले असत. ही रचना रोमन लिपीसाठी आदर्श होती, कारण रोमन अक्षर एका चौकोनात एकटे राहते. देवनागरीचे तसे नाही. ‘कीर्ती’ या शब्दात वेलांट्या अक्षराच्या डोक्यावरून वळतात, त-वर रफार चढतो. ‘पुरूष’ म्हणा की ‘पुरुष’, ‘पु’चा उकार खालीच लोंबतो. आणि शिरोरेषेने सर्वांना एकत्र बांधून ठेवायचे असते. चौकोनांच्या या चाळीत देवनागरीचा संसार मावत नाही.

पर्याय एकच होता: अक्षर लिहायचे नाही, त्याचे चित्र काढायचे. परंतु चित्राला स्मृती लागते. तेव्हाच्या ६४० बाय २०० ठिपक्यांच्या एकरंगी पडद्याचे चित्र १६ हजार बाइट घेई. नंतरच्या ६४० बाय ४८० ठिपक्यांच्या सोळारंगी पडद्याचे चित्र दीड लाखाहून अधिक बाइट घेऊ लागले. म्हणजे रोमन मजकुराच्या पडद्याच्या सुमारे अडतीसपट. शिवाय अक्षरांचे आकार, जोडाक्षरांचे नियम आणि कळफलकाची व्यवस्था यांना ६४० केबींतूनच जागा काढून द्यायची. उरलेल्या जागेत हिशेबाची किंवा लेखनाची आज्ञावली चालणार कशी?

या पेचावरचे सर्वांत देखणे उत्तर भारतात शोधले गेले. कानपूरच्या आयआयटीत प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देवनागरीच्या संगणकीकरणावर दीर्घकाळ काम केले होते. तेथे या कामात असलेले मोहन तांबे पुढे १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये आले आणि ‘जिस्ट’ तंत्रज्ञान तेथे वाढले. जिस्ट कार्ड हा संगणकात बसवायचा एक स्वतंत्र फलक होता. अक्षरजुळणीचे ओझे तो स्वतःच्या अंगावर घेई. त्यामुळे मुख्य स्मृतीला धक्का न लावता इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या आज्ञावलीतही देवनागरी मजकूर भरता येई. यंत्राची स्मृती अपुरी, तर लिपीने सोबत आपले बिऱ्हाड आणावे, असा हा प्रकार होता.

या बिऱ्हाडाबरोबर एक फार मोलाची वस्तू आली: प्रमाणित संकेत. इस्कीने ब्राह्मीपासून निघालेल्या भारतीय लिप्यांना एकच समान तक्ता दिला. ‘क’ म्हणजे ‘क’, मग तो कोणत्याही वळणाचा असो. त्याचा अंक एकच. जोडाक्षर कसे दिसावे हे फॉन्टने पाहायचे, ते काय आहे हे संकेताने सांगायचे. आशय आणि आकृती यांची ही फारकत साहित्याच्या अभ्यासकाला नवी नाही. पण संगणकावरील मराठीचे भवितव्य तिच्यावर टांगलेले होते. पुढे युनिकोडने देवनागरीचा आपला तक्ता आखताना इस्कीच्या १९८८ च्या आवृत्तीचाच आधार घेतला, यावरून तिची योग्यता कळून येईल.

दोष एकच होता. कार्डाला पैसे पडत. संस्थेला, सरकारी कार्यालयाला ते परवडे. तालुक्याच्या गावी कर्ज काढून एक संगणक घेणाऱ्या मुद्रकाला ते जड जाई.

३

इकडे हे चालू असताना तिकडे प्रणालींच्या जगात मोठे रण माजले होते. डॉसच्या पुढची पायरी म्हणून आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ओएस/२ ही प्रणाली तयार केली आणि डिसेंबर १९८७ मध्ये ती बाजारात आली. ती ६४० केबींची भिंत ओलांडणारी होती, एका वेळी अनेक कामे सांभाळणारी होती. पण तिला नीट चालण्यासाठी काही एमबी स्मृती लागे, आणि नेमकी त्याच सुमारास स्मृती महाग झाली. अमेरिका आणि जपान यांच्यातील १९८६ च्या सेमीकंडक्टर करारानंतर चिपांचा पुरवठा आवळला गेला होता. अशा वेळी मायक्रोसॉफ्टने २२ मे १९९० रोजी विंडोज ३.० आणली. ती तांत्रिकदृष्ट्या डॉसच्या खांद्यावर बसलेली होती; परंतु एक-दोन एमबींच्या यंत्रावर ती सुरू होई, एवढे तिला पुरले. दोन्ही कंपन्यांचा संसार मोडला आणि कमी खाणाऱ्या प्रणालीने अधिक शहाण्या प्रणालीला मागे टाकले.

हा सगळा परक्यांचा कलह. त्याचा मराठीशी संबंध काय? एप्रिल १९९२ मध्ये आलेल्या विंडोज ३.१ मध्ये ‘ट्रूटाइप’ नावाची फॉन्टची व्यवस्था होती. आता चित्ररूप पडदा प्रणालीच पुरवत होती, आणि हव्या त्या आकाराचे अक्षर फॉन्टच्या फाइलीतून मिळत होते. कार्डाची गरज संपली. रोमन ‘ए’च्या जागी एखादा अर्धा वर्ण, ‘बी’च्या जागी काना, स्वल्पविरामाच्या जागी वेलांटी, अशी मराठी तुकड्यांची भरती करून फॉन्ट तयार केला की काम झाले. संगणकाला वाटे की आपण इंग्रजीच लिहीत आहोत. पाहणाऱ्याला मराठी दिसे. अधिकची स्मृती जवळपास शून्य.

या वाटेने मराठी झपाट्याने सर्वदूर पोचली, हे कृतज्ञतेने नोंदवले पाहिजे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, बंगळूरच्या सायबरस्केपची आकृती, सी-डॅकचे आयएसएम यांनी मराठी मुद्रणाचे रूप पालटले. पुस्तके, दैनिके, लग्नपत्रिका, उसाच्या हंगामाची पत्रके आणि विद्यापीठांचे प्रबंध या फॉन्टांवर उभे राहिले. पण एका फॉन्टमध्ये जागा जेमतेम दोनशे. देवनागरीची सर्व रूपे त्यांत मावेनात, म्हणून पुन्हा अक्षरांचे तुकडे पाडावे लागले. खिळ्यांच्या काळातली ती जुनी युक्ती संगणकात परत आली. आणि कोणता तुकडा कोणत्या जागी बसवायचा, हे प्रत्येक उत्पादकाने आपापल्या सोयीने ठरवले. इस्कीने जुळवलेली आशय आणि आकृती यांची घडी मोडली. फाइलीत मराठी उरली नाही, मराठीचे केवळ सोंग उरले.

मराठीच्या अभ्यासकांना येथे महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. ‘सकळा’, ‘सुंदरी’ अशा लिप्यांत त्या पंथाने आपले ग्रंथ जतन केले, आणि त्यामुळे शतकानुशतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदी अभ्यासकांच्या परिश्रमाने ती कुलपे उघडली आणि प्राचीन मराठी गद्याचे एक दालनच समोर आले. महानुभावांनी कुलूप जाणीवपूर्वक लावले होते आणि किल्ली परंपरेने सांभाळली होती. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात आपण मात्र नकळत डझनावारी सांकेतिक लिप्या निर्माण केल्या, आणि किल्ल्या कोठे ठेवल्या याची नोंद केली नाही.

४

यावरचा उपाय जगाला ठाऊक नव्हता असे नाही. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ मध्येच प्रसिद्ध झाली होती आणि तीत देवनागरीला स्वतःची जागा होती. मायक्रोसॉफ्टने जुलै १९९३ मध्ये आणलेल्या विंडोज एनटी या प्रणालीचा पायाच युनिकोडवर रचलेला होता. मग मराठीला आणखी दहा वर्षे का थांबावे लागले?

उत्तर पुन्हा स्मृतीतच आहे. एनटीला किमान १२ एमबी स्मृती लागे. तिच्या जन्माच्याच महिन्यात जपानमधील निइहामा येथे सुमितोमो केमिकलच्या कारखान्यात स्फोट झाला. चिपांच्या वेष्टनासाठी लागणाऱ्या रेझिनचा मोठा वाटा तेथून जगभर जाई. त्यामुळे स्मृतीचे भाव एकदम चढले. एनटी मोठ्या कार्यालयांपुरती राहिली. घराघरांत आणि दुकानांत गेली ती २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेली विंडोज ९५, आणि तिची जाहीर अट होती किमान चार एमबी. युनिकोडमध्ये त्या काळी प्रत्येक अक्षराला दोन बाइट लागत. रोमन मजकूरही दुप्पट जागा खाई. चार एमबींच्या घरात ही चैन बसणारी नव्हती. विंडोज ९५ आणि तिच्या मागून आलेली विंडोज ९८ या दोन्ही मुख्यतः एक-बाइटी संकेतांवरच चालत राहिल्या. थोडक्यात, मराठीला हक्काची जागा देणारी प्रणाली १९९३ पासून अस्तित्वाच्या उंबरठ्यावर होती. पण ती महागड्या यंत्रांच्या ओसरीवर, आणि आपण स्वस्त यंत्रांच्या अंगणात.

ही फट बुजली ती एनटीच्याच घराण्यातील विंडोज २००० आणि विंडोज एक्सपी यांनी. फेब्रुवारी २००० मध्ये आलेल्या विंडोज २००० मध्ये देवनागरी आणि तमिळ या लिप्या प्रणालीच्या अंगभूत झाल्या. तोवर स्मृती स्वस्त झाली होती आणि ६४ एमबींची अट कोणाला फारशी जाचत नव्हती. देवनागरीसाठी या प्रणालीत आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट रेखाटला तो प्रा. र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार आणि कवी म्हणून मराठी साहित्यविश्वाला ते सुपरिचित होते, अक्षराच्या दृश्यरूपाचा कवितेत शोध घेणारे होते. पुढे जगभर कोट्यवधी पडद्यांवर जी देवनागरी उमटली तिचे वळण एका मराठी कवीच्या हातचे होते, ही गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासांत यायला हवी.

ऑक्टोबर २००१ मध्ये एक्सपी आली, तरीही दार अर्धेच उघडे होते. एक्सपीत मराठी होती. पण सेटिंगमध्ये जाऊन गुंतागुंतीच्या लिप्यांसाठीची खूण करावी लागे, आणि तेवढ्यासाठी मूळ सीडी मागितली जाई. छोट्या गावांतील किती दुकानांत मूळ सीडी असेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा. संगणकात मराठी निजलेली असे आणि तिला जागे करण्याची युक्ती ठाऊक नसल्यामुळे माणसे फॉन्ट विकत घेत, किंवा कोणाकडून तरी उतरवून आणत. ही खूण न करताही मराठी दिसू लागली ती २००७ मध्ये आलेल्या व्हिस्टापासून. मात्र तिने किमान ५१२ एमबींची मागणी केली. बारा वर्षांत किमान गरज चार एमबींवरून १२८ पट झाली होती.

५

एवढ्यावर थांबलो तर हा इतिहास एका कंपनीचा गौरवग्रंथ ठरेल. वस्तुतः मराठीला जे मिळाले ते प्रतिस्पर्ध्याच्या धाकानेही मिळाले. लिनस तोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आरंभलेली लिनक्स ही कोणालाही फुकट घेता, पाहता आणि बदलता येणारी प्रणाली होती. भाषांतरासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नव्हते. इंडलिनक्ससारख्या गटांतील स्वयंसेवकांनी ‘फाइल’, ‘एडिट’, ‘सेव्ह’ यांना देशी प्रतिशब्द शोधण्यापासून जोडाक्षरे नीट जुळवण्यापर्यंत कष्ट घेतले. रेड हॅटने २००४ मध्ये ‘लोहित’ हे फॉन्ट सर्वांसाठी खुले केले. सी-डॅकने २००७ मध्ये भारतीय भाषांसह ‘बॉस’ ही लिनक्सची आवृत्ती प्रसिद्ध केली. आपल्या भाषेत संगणक फुकट मिळू शकतो, असे एकदा दिसले की विकणाऱ्यालाही त्या भाषेची दखल घ्यावी लागते.

असे असूनही महाराष्ट्रात लिनक्स मागे का पडली? स्मृतीच्या दृष्टीने ती अधिक सोशीक होती खरी. पण तिचे सजलेले दर्शनी रूपही पुढे बऱ्यापैकी खादाड झाले, हेही नाकारू नये. खरे कारण सवयीचे आहे. महाराष्ट्र ज्ञान महामंडळाची स्थापना २००१ साली झाली आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने संगणक खेडोपाडी नेला. हे काम लहान नाही. परंतु त्यात शिकवला गेला तो मुख्यतः विंडोजचा संगणक. जे हात माउस धरायला विंडोजवर शिकले, त्यांना दुसरी प्रणाली परकी वाटली. स्मृतीची स्पर्धा यंत्रात चालते तशी माणसाच्या डोक्यातही चालते, आणि तेथे पहिल्याने बसलेला सहसा उठत नाही.

प्रणाली कोणतीही असो, आता संकेत एकच आहे, ही मोठी प्राप्ती. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला तो युनिकोडच्या भरवशावर. तरीही मराठीच्या बारकाव्यांना वाट पाहावी लागलीच. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ मधील ५.१ या आवृत्तीत. तोवर अ-पुढे चंद्र लिहून वेळ मारून न्यावी लागे. ‘सुऱ्या’ आणि ‘सूर्य’ यांतील र-चा भेद मराठीला प्राणाइतका मोलाचा. तो टिकवण्यासाठी दक्षिणी भाषांच्या ‘ऱ’चा आश्रय घ्यावा लागला. आपल्या भाषेचे असे हट्ट आपणच धरायचे असतात, कारण दुसऱ्या कोणाला त्यांची निकड वाटत नाही.

आज तेलगावच्या चौकात उभा असलेला कोणीही आपल्या मोबाइलवर मराठी लिहितो-वाचतो. त्यांतील बहुतेक मोबाइल ॲन्ड्रॉइडचे, आणि ॲन्ड्रॉइडच्या गाभ्याशी लिनक्स. टेबलावर हरलेली प्रणाली तळहातावर जिंकली आहे, आणि अठरा बाइटांचे ‘तेलगाव’ कोणालाही जड वाटत नाही.

६

मग हा इतिहास उगाळण्याचे प्रयोजन काय? प्रयोजन हे की त्याची थकबाकी अजून फिटलेली नाही.

याच बीड जिल्ह्यात, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. चाळीस फुटांच्या आसपास लांबीच्या कापडावर ‘पंचीकरण’ लिहिलेले. दासोपंत १६१५ मध्ये निवर्तले; चार शतकांनंतरही लिपी जाणणारा माणूस तिच्यापुढे उभा राहून ती वाचू शकतो, कारण कापड आणि अक्षर यांच्यामध्ये तिसरे कोणी नाही. १९९६ मध्ये याच मुलखात टंकलिखित झालेला एखादा प्रबंध, बंद पडलेल्या अनियतकालिकाचा अंक, लोकगीतांचे संकलन किंवा ऊसतोड कामगारांच्या मुलाखती जर केवळ फ्लॉपीवर अथवा जुन्या संगणकात असतील, तर त्या वाचण्यासाठी चालणारी तबकडी, ती वाचणारे यंत्र, ती फाइल उघडणारी आज्ञावली आणि नेमका तोच फॉन्ट अशा चार गोष्टी एकत्र याव्या लागतात. चारांतील एक निखळली की मजकूर गेला. स्मृतीच्या टंचाईत आपण जी काटकसर केली, तिचे व्याज आता असे द्यावे लागत आहे.

आणि मुदत फार नाही. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला चार जीबी स्मृती पुरते असे मायक्रोसॉफ्ट सांगते. पण तिला सुरक्षेसाठीची विशिष्ट चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसरही लागतो. त्यामुळे पुरेशी स्मृती असलेली, धडधाकट यंत्रेसुद्धा कालबाह्य ठरून महाविद्यालयांतून आणि कार्यालयांतून बाहेर पडत आहेत. एकेकाळी स्मृती नाही म्हणून यंत्र बाद होई. आता स्मृती असूनही होते. त्यात २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांची मागणी वाढून स्मृतीचे भाव पुन्हा चढले. अशा वेळी या यंत्रांवर लिनक्सची हलकी आवृत्ती बसवून ती आणखी काही वर्षे ग्रंथालयांत वापरणे हा शहाणपणाचा मार्ग आहे. पण त्याआधी, भंगारवाल्याला बोलावण्याआधी, त्यांच्या पोटात काय आहे ते पाहिले पाहिजे.

मराठी विभागांना हे काम सहज करता येण्याजोगे आहे. जुन्या फाइली शोधाव्यात. त्यांच्यासोबत कोणता फॉन्ट वापरला त्याचे नाव लिहून ठेवावे आणि फॉन्टची फाइलही जपावी; हीच ती किल्ली. मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. रफार भलत्या अक्षरावर चढतात, ‘ऱ्य’चा ‘र्य’ होतो, जोडाक्षरे फुटतात. म्हणून मूळ छापील प्रत शेजारी ठेवून मुद्रितशोधन करावे. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना पाठचिकित्सा शिकवताना आपण हस्तलिखितांची उदाहरणे देतो. तीच शिस्त या फाइलींना लावली, तर एम.ए.च्या वर्गाला याहून जिवंत प्रकल्प मिळणार नाही.

राजवाड्यांनी गावोगाव हिंडून माळ्यांवरची, अडगळीतली दफ्तरे गोळा केली, कारण ती वाण्याच्या पुड्यांत जाताना त्यांना दिसत होती. आपल्या अडगळीच्या खोल्यांत आज दफ्तरे नाहीत, पिवळट पडलेले संगणक आहेत. ते चालू होतात की नाही, हे एकदा विजेची तार जोडून पाहायला हरकत नाही.